एस.टी.तला वाद



एस.टी.त शेजारी बसलेला एखादा पांढरपेशा गृहस्थ हटकून काडी टाकतो : "तुम्हा लोकांना आयकर नाही, कर्ज माफ, वर भाव पाहिजे." झाले, आम्ही उसळतो. मागच्या पंधरवड्यात असाच वाद पेटला आणि आमचा उतरायचा फाटा मागे पडला. तिथे चार कास्तकार पीककर्जाचे कागद घेऊन दोन तास उन्हात ताटकळले. एकाची बँकेची वेळ टळली. चूक आमचीच. शेतकीची पदवी घेतलेल्या माणसाला अनोळख्यापुढे हार मानवत नाही, हाच तो रोग.

हिशेब तसा साधा होता. शंभर किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. सदऱ्याला पाव किलो रुई धरली तर पाऊण किलो कापूस लागला. २०२५-२६ च्या लांब धाग्याच्या ८,११० रुपये हमीभावानेही तो साठएक रुपयांचा. त्यातून सरकीचे पैसे वजा केलेलेच नाहीत. सदरा केवढ्याला मिळतो ते त्याचे त्याने पाहावे! ऑगस्ट २०२५ पासून डिसेंबरअखेर कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले होते, ते कोणासाठी, हेही.

दोन मिनिटांचे काम. पण त्याला ऐकायचे नव्हते आणि आम्हाला जिंकायचे होते. वर्ध्याला तो उतरून गेला, मागे वळून न पाहता.

यापुढे हिशेब एकदाच सांगू, मग फाट्याकडे लक्ष. त्या कास्तकाराचे कागद घेऊन सोमवारी आम्ही बँकेत जात आहोत.