डाग घालवण्याआधी दाखवा!

मंडळी, हल्ली साठीपुढच्या गप्पांत गुडघ्यांच्या जोडीला लेसर आलाय. "डाग जातात, शिवाय कॅन्सरही टळतो म्हणे!" मला भीती वाटते ती या 'म्हणे'ची.

त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही हं. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तपासलेल्या जुन्या नोंदी 2023 साली प्रसिद्ध झाल्या. चेहऱ्यावर त्वचेचा कॅन्सर एकदा होऊन गेलेली ही माणसं. फ्रॅक्शनल लेसर घेतलेल्या 43 जणांपैकी सुमारे 21 टक्क्यांना तो पुन्हा झाला, न घेतलेल्या 52 जणांपैकी सुमारे 40 टक्क्यांना. चांगलंच आहे की! पण माणसं मोजकी, आणि हा कॅन्सर मेलानोमा नव्हे. एवढ्यावरून सरसकट 'कॅन्सर टळतो' म्हणायचं?

मेलानोमा हा खरा घातक प्रकार. सावळ्या कातडीत तो कमी, पण झालाच तर बरेचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली. बॉब मार्लेला 1977 साली तो पायाच्या अंगठ्यातच निघाला होता. चेहऱ्यावरचा लेसर तिथे काय करणार, कप्पाळ?

आणि समजा, चेहऱ्यावरचा डागच तसा निघाला तर? न तपासता तो लेसरने जाळला, तर बायोप्सीला तुकडा कुठून आणायचा? वरचा रंग जातो, खाली रोग वाढत राहतो, आणि आपण आरशात बघून खूश!

म्हणून पॅकेजचे पैसे भरण्याआधी डाग त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. वाढणारा, रंग बदलणारा, रक्त येणारा तर नक्कीच. आणि हो, आजी-आजोबांचे तळपायही एकदा बघा. नमस्कार करताना वाकतोच ना आपण?