२२ जूनचे आवाहन

दरवर्षी २१ जूनला सकाळी मैदाने भरतात. शाळेची मुले पांढऱ्या गणवेशात रांगेने बसतात, व्यासपीठावर पाहुणे येतात, ध्वनिक्षेपकावरून सूचना सुटतात, वृक्षासनात निम्मे लोक डगमगतात आणि फोटो काढून झाले की मंडळी पोह्यांकडे वळतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून जाहीर केला तेव्हा १७७ देश त्या ठरावाचे सहप्रस्तावक होते. कौतुकाचीच गोष्ट. मात्र २२ जूनला त्याच मैदानावर किती जण दिसतात, हे ज्याने त्याने आपल्या गावात जाऊन पाहावे.

हे आवाहन त्या दुसऱ्या दिवसासाठी आहे. सोसायट्या, चाळी, ग्रामपंचायती, गणेश मंडळे, महिला बचत गट आणि घराघरांतली माणसे या सगळ्यांना विनंती आहे, की योगाला रोजच्या दिनक्रमात जागा द्यावी. शरीरासाठी थोडी, वागण्यासाठी जरा जास्त.

महाराष्ट्रात हे रुजवायला बाहेरून कोणाला यावे लागणार नाही. शंभर वर्षांपूर्वी इथेच योग गुहेतून आणि मठातून घरात आला. नर्मदाकाठच्या मालसर इथले परमहंस माधवदास हे गुरू, आणि त्यांचे दोन शिष्य. एक श्रीयोगेंद्र. त्यांनी १९१८ मध्ये मुंबईत वर्सोव्याला ‘द योगा इन्स्टिट्यूट’ सुरू केली आणि संसारी माणसाला योग शिकवायला घेतला. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद. अमळनेरला शिक्षणाच्या कामात असलेल्या या माणसाला नुसत्या श्रद्धेवर समाधान नव्हते. उड्डियान आणि नौली या क्रिया करताना पोटात नेमके काय होते, हे त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांखाली तपासले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात निर्माण होणाऱ्या पोकळीला त्यांनी गुरूंचे नाव दिले. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनाचे नियतकालिक निघाले. नागपुरात जनार्दनस्वामींनी १९५१ मध्ये योगाभ्यासी मंडळ स्थापन केले आणि वर्ग विनामूल्य ठेवले.

पुण्याची गोष्ट तर सर्वांत बोलकी. १९३७ मध्ये म्हैसूरहून एक किडकिडीत तरुण डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला आला. वय अठराच्या आसपास, मराठीचा गंध नाही, लहानपण मलेरिया, विषमज्वर आणि क्षयाने पोखरलेले. गुरू कृष्णमाचार्यांनी त्याला सहा महिन्यांसाठी पाठवले होते. तो बी. के. एस. अय्यंगार, आणि ते पुढे आयुष्यभर पुणेकर झाले. १९७५ मध्ये मॉडेल कॉलनीत त्यांनी उभारलेल्या संस्थेत जगभरातून शिकायला लोक येतात. पण या आवाहनाच्या दृष्टीने त्यांची मोठी देणगी वेगळी आहे. ज्याचे शरीर वाकत नाही, त्याला त्यांनी वर्गाबाहेर काढले नाही. पट्टा दिला, लाकडी वीट दिली, भिंतीला दोर लावले, घडीची खुर्ची दिली. हात जमिनीला टेकत नाही? मग विटेला टेकवा, जमीनच वर आणा. बेल्जियमची राणी एलिझाबेथ ऐंशीच्या घरात असताना त्यांच्याकडे शीर्षासन शिकली. हे उदाहरण वाचून कोणा आजोबांनी उद्या सकाळी डोक्यावर उभे राहू नये. खुर्चीवर बसून पाठ सरळ करणे आणि खांदे फिरवणे, एवढ्याने त्यांची सुरुवात झाली तरी ती खरी सुरुवात आहे.

‘आता कुठे जमणार’ ही सबब म्हणूनच टिकत नाही. ‘वेळ नाही’ ही दुसरी. अय्यंगारांच्या १९६६ च्या ‘लाइट ऑन योगा’ या ग्रंथात पहिले आसन आहे ताडासन, म्हणजे नीट उभे राहणे. आपण एका पायावर भार टाकून उभे राहतो आणि कोणत्या बाजूने, ते झिजलेली चप्पल सांगते, हे त्यांचे निरीक्षण. विरार लोकलमध्ये, एसटीच्या थांब्यावर, रेशनच्या रांगेत मराठी माणूस आयुष्यातला बराच काळ उभाच असतो. दोन्ही तळव्यांवर सारखा भार, गुडघ्यांच्या वाट्या वर खेचलेल्या, छाती मोकळी आणि श्वास नाकाने सावकाश. याला चटईही लागत नाही.

गरज किती आहे, हे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसते. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही, आणखी १३ कोटींहून अधिक माणसे त्या उंबरठ्यावर. म्हणून योगाने मधुमेह मुळापासून जातो, अशी पत्रके वाटायची का? अजिबात नाही. सत्य हा योगातल्या यमांपैकी, म्हणजे वागण्याच्या बंधनांपैकी, एक आहे, आणि तो आधी योग शिकवणाऱ्यांनीच पाळायला हवा. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे ४००० रुग्णांवर देशातल्या २४ रुग्णालयांत योगाचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. योग करणाऱ्यांना आपली प्रकृती अधिक चांगली वाटली. पण पुन्हा झटका येणे किंवा मृत्यू यांत ठाम म्हणावा असा फरक सिद्ध झाला नाही. असे निष्कर्षही लोकांना सांगावेत. जुनाट कंबरदुखीवर अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये औषधांच्या आधी सुचवलेल्या उपायांत योग आहे, हेही सांगावे. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नये, कारण त्या स्थितीत डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो, हे चेन्नईच्या डॉक्टरांनी मोजून दाखवले आहे.

आता वागण्याकडे. योगसूत्रकार पतंजलींच्या सुमारे १९५ सूत्रांपैकी आसनावर आहेत अवघी तीन. यम-नियम त्याआधी येतात, आणि जात, देश, काळ, प्रसंग यांची सवलत न घेता जे यम पाळले जातात ते महाव्रत, असे ते बजावतात. आपल्याकडे नेमक्या सवलतीच मोठ्या. रोज सकाळी अनुलोम-विलोम करणारा गृहस्थ सिग्नल हिरवा होण्याआधीच हॉर्नवर अंगठा ठेवतो. अहिंसेत पुढच्या माणसाचे कान येत नाहीत, असे त्याला कोणी सांगितले असावे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू नये, हा नियम २००० सालापासून कागदावर आहे. आजाऱ्याची आणि तान्ह्या बाळाची झोप पळवणे अस्तेयात बसत नाही, एवढे मंडळांनी ओळखले तर पोलिसांना फेरी मारावी लागणार नाही.

चोरी वेळेचीही होते, आणि ती बहुतेक घरांत रोज सकाळी होते. घरातला पुरुष बागेत प्राणायामाला जातो, तेव्हा त्याची पत्नी नळाचे पाणी भरत असते, डबे करत असते, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवत असते. तिचा अर्धा तास त्याच्या प्राणायामात खर्च होतो. पुरुषमंडळींना या आवाहनातली सर्वांत आग्रहाची विनंती हीच आहे: आठवड्यातले तीन दिवस कणीक आपण मळावी, मुलांचा डबा आपण भरावा, आणि तिला वर्गाला जाऊ द्यावे. कर्मयोगाची याहून सोपी सोय शहरात दुसरी नाही.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही योगाला वाव आहे. पार्किंगवरून कोणी काही लिहिले की अंगठे शिवशिवतात. मनात वाईट विचार उसळला तर त्याच्या उलट बाजूचा विचार आणून बसवावा, असा पतंजलींचा उपाय आहे. त्याला ते प्रतिपक्षभावन म्हणतात. लिहिलेले उत्तर तासभर पाठवू नये, हे त्याचेच आजचे रूप. सुखी माणसांशी मैत्री, दुःखितांविषयी करुणा, चांगले करणाऱ्याबद्दल आनंद आणि वाईटाकडे दुर्लक्ष, असे चार भावही त्यांनी सांगितले आहेत. त्यांतला तिसरा सर्वांत अवघड. शेजाऱ्याच्या मुलीला चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाल्यावर पोटातून आनंद होणे, ही पद्मासनापेक्षा कठीण गोष्ट आहे.

खर्चाचे म्हणाल तर लागत काहीच नाही. अपरिग्रह शिकवणाऱ्या विद्येसाठी आधी महागडी मॅट, खास कपडे आणि परदेशी बाटली घेणे थोडे विनोदीच दिसते. घरची सतरंजी किंवा घोंगडी, सैल कपडे आणि रिकामे पोट पुरे.

उरते ती जागा आणि शिकवणारा. पावसाळ्यात गच्च्या आणि मैदाने ओली असतात. त्यामुळे सोसायट्यांनी सभागृह, गावांनी समाजमंदिर किंवा देवळाचा सभामंडप आणि शाळांनी रिकामा वर्ग सकाळी ६ ते ७ आणि दुपारी ३ ते ४ मोकळा ठेवावा. दुपारची वेळ मुद्दाम आहे, घरातल्या बायकांना तीच सोयीची पडते. प्रशिक्षित योगशिक्षकांनी आठवड्यातून एक वर्ग विनामूल्य घ्यावा, आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकाला रक्तदाब, गुडघे, मणका, गरोदरपण, डोळ्यांचे विकार यांबद्दल विचारून नोंद ठेवावी. ज्यांना जमिनीवर बसता येत नाही त्यांच्यासाठी दहा-बारा मजबूत, न घसरणाऱ्या खुर्च्या लागतील. लग्नाच्या हॉलमधल्या डुगडुगत्या प्लॅस्टिकच्या चालणार नाहीत. वर्गाची वेळ या आठवड्यातच फलकावर लिहावी. आणि हॉलची किल्ली सकाळी सहाला कोणाकडे असेल, ते आदल्या रात्रीच ठरवावे, कारण असे वर्ग बंद पडतात ते बहुधा किल्लीपायीच.