दरवाजे मोजले, गढूळपणा कोण मोजणार?

‘हतनूरचे 41 पैकी इतके दरवाजे उघडले, तापीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा.’ ही बातमी तुम्ही दर पावसाळ्यात वाचता. कुणी तरी धरणावर जाऊन रील काढतं, ते तुमच्या स्टेटसलाही लागतं. किती क्युसेक सुटलं, धरण किती टक्के भरलं, सगळं कळतं. पण त्याच दिवशी ते पाणी किती गढूळ होतं? हा आकडा त्या बातमीत नसतो. वरणगाव आणि भुसावळ तर पितं तापीचंच पाणी!

हे पाणी येतं कुठून ते नकाशात एकदा बघाच. तापी मुलताईला उगम पावून बऱ्हाणपूरवरून येते. पूर्णा अमरावती, अकोला, बुलडाण्याचा खारपाणपट्टा पार करून चांगदेवला तिला मिळते. वाटेतल्या शहरांचं सांडपाणी, शेतातली खतं, शिवाय रावेर-मुक्ताईनगरकडच्या केळीच्या बागांतून वाहून येणारं पाणी, सगळ्याचा हिशोब हतनूरच्या जलाशयात जमा होतो. तिथून पाणी घेणारेही कमी नाहीत. नगरपालिका, वरणगावची आयुध निर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र, रेल्वे, कालव्यावरची शेती. साठा एकच, मालक मात्र डझनभर.

आता फिल्टर प्लँटमध्ये काय होतं ते समजून घ्या, कारण खरी गोम तिथे आहे. गढूळ पाण्यात तुरटी टाकून गाळ खाली बसवतात, मग ते वाळूतून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. तुरटी किती टाकायची हे रोजच्या पाण्यावर ठरतं. पुराच्या पहिल्या लोंढ्यात गढूळपणा काही तासांत कित्येक पट वाढतो आणि कालचा डोस आज पुरत नाही. गाळ नीट बसला नाही की क्लोरीनचं काम अर्धवट राहतं, जंतू मातीच्या कणांआड लपतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा 1 एनटीयूपर्यंत हवा. दुसरा पर्यायच नसेल तर 5 पर्यंत चालतो. वरच्या अंगाला कुणी मोजत असेल आणि वेळेत फोन करत असेल, तर खालच्या प्लँटला तयारीला वेळ मिळतो. नाही तर पाणी दारात आल्यावरच कळतं.

उन्हाळ्यात दुखणं वेगळं. साठा खाली गेलेला, ऊन आपल्या भुसावळचं (ते काय असतं हे तुम्हाला सांगायला नको), पाण्यात खतांचा अंश. शेवाळाला आणखी काय हवं? पाण्याला मातकट वास येतो तो बऱ्याचदा यामुळेच. वास निदान कळतो तरी. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ऑगस्ट 2014 मध्ये ईरी सरोवरातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष पाण्यात उतरलं. सुमारे 5 लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. उकळूनही उपयोग नव्हता, उलट उकळल्याने विष आणखी दाट होतं.

युरोपातल्या बोडन्झे सरोवराभोवती जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया आहेत. तिथे 1959 मध्ये सरकारांचा संयुक्त आयोग झाला आणि 1968 मध्ये पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थांनीही स्वतःचा संघ काढला. सगळ्यांनी मिळून पाणी तपासायचं आणि निष्कर्ष एकमेकांना द्यायचे. 1980च्या आसपास त्या सरोवरात लिटरमागे 80 मायक्रोग्रॅमहून जास्त फॉस्फरस होता, आज तो 10च्या आत आहे. सांडपाण्यातून फॉस्फरस काढला, धुण्याच्या पावडरीतलं फॉस्फेट कमी केलं. पण फॉस्फरसच गुन्हेगार आहे हे आधी मोजमापातून कळलं, म्हणून नेमक्या जागी पैसा घालता आला.

‘ते श्रीमंत देश, त्यांचं वेगळं,’ असं कुणी म्हणेल. मग सोलापूरकडे बघा. उजनीत पुणे-पिंपरीचं सांडपाणी उतरतं आणि तेच धरण सोलापूरची तहान भागवतं. वरच्या शहराने काय सोडलं हे खालच्या शहराला कळणं ही श्रीमंती नाही, गरज आहे. हतनूरच्या बाबतीत तर यंत्रणाही हाताशी आहेत. जळगावात विद्यापीठ आहे, नागपुरात ‘नीरी’ आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांचे नमुने घेतंच. नगरपालिका, निर्माणी, वीज केंद्र आणि रेल्वे यांनी थोडा थोडा वाटा उचलला, तर जलाशयात चार ठिकाणी वर्षभर नियमित नमुने घेणं अवघड नाही. माझ्या मते घोडं पैशावर अडलेलं नाही. प्रत्येक जण आपल्या पाइपापुरतं बघतो, तिथे अडलंय.

तुम्ही केमिस्ट्रीला असाल तर पाण्याची कठीणता आणि क्लोराइड काढण्याचं प्रॅक्टिकल तुम्हाला असतंच. पुढच्या वेळी लॅबच्या नळाऐवजी तापीच्या पाण्याची बाटली भरून न्या, पावसाआधी एक आणि पहिल्या पुरानंतर एक. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनो, तुमच्यासाठी 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहे. त्यात नगरपालिकेला एकच विचारा: गेल्या वर्षभरात प्लँटमध्ये येणाऱ्या आणि तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या गढूळपणाची रोजची नोंद द्या. उत्तर साधारण 30 दिवसांत यायला हवं. आलेला कागद आणि तुमच्या दोन बाटल्यांचे आकडे शेजारी ठेवा, मग बोलू.