काचेसाठी पाणी

घरातील एखाद्या वस्तूच्या आधाराने व्यवसाय उभा राहणे ही व्यापारी कुटुंबांना अपरिचित गोष्ट नव्हे. एका शिवणयंत्रावर किंवा एका तराजूवर पुढे पेढ्या झाल्या आहेत. तथापि घरची वस्तू कोणत्या दिवशी धंद्याची झाली, याची नोंद वहीत क्वचितच सापडते. या वेळचे उदाहरण स्वयंपाकघरातील जलशुद्धीकरण यंत्राचे आहे.

पुण्यातील एका परिचित कापड व्यापाऱ्याच्या चिरंजीवांनी बंगल्यांच्या खिडक्या, दुकानांच्या दर्शनी काचा आणि छपरांवरील सौर पॅनेल धुऊन देण्याचे काम आरंभले. वडिलांच्या दृष्टीने हा ‘काचा पुसण्याचा धंदा’. वस्तुतः यात पुसणे नाहीच. लांब पोकळ काठीच्या टोकाला ब्रश असतो आणि काठीतून पाणी वाहते. काच घासून, त्याच पाण्याने धुऊन तशीच वाळू द्यावयाची. माणूस जमिनीवर उभा राहतो, शिडीवर चढण्याचा धोका टळतो. ही पद्धत युरोप-अमेरिकेत रुळलेली आहे. तिची अट एकच : पाण्यात काहीही विरघळलेले नसावे. साधे पाणी उडून जाते आणि त्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका मागे राहतात. काचेवरचे पांढरे ठिपके ते हेच.

आपल्या घरांत पाणी गाळून वापरण्याची शिस्त आहे. परंतु कितीही दाट वस्त्राने गाळले तरी विरघळलेले क्षार त्यातून सुटतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार भारतीय मानकाला मान्य आहेत. काचेसाठी मात्र ते 10 च्या आत, आणि शक्यतो शून्य असावे लागतात. म्हणजे पिण्यास उत्तम असलेले पाणी या कामी निरुपयोगी ठरू शकते.

या तरुणाने आरंभी घरचे आरओ यंत्र वापरले आणि भांडवल न गुंतवता गिऱ्हाईक मिळते की नाही हे पाहिले. हे योग्यच झाले. आता कामे वाढली आणि यंत्राच्या मर्यादा उघड्या पडल्या. घरगुती यंत्र तासाला साधारण 12 ते 15 लिटर पाणी देते. एका काठीला मिनिटाला 2 लिटर धरले आणि दिवसात प्रत्यक्ष चार तास पाणी चालले, तर 480 लिटर लागतात. म्हणजे यंत्र अहोरात्र चालवूनही दिवसाची गरज भागणार नाही, आणि मातोश्रींना पिण्याचे पाणी भरण्यास रात्री जागावे लागेल. शिवाय पाण्याला चव यावी म्हणून अशा बहुतेक यंत्रांत थोडे क्षार पुन्हा मिसळण्याची सोय असते. पिणाऱ्याला ती हितकारक; काचेला तीच घातक.

मला मात्र तिसरी मर्यादा अधिक गंभीर वाटते. घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यासाठी सुमारे तीन लिटर पाणी बाहेर टाकते. 480 लिटरांमागे 1,440 लिटर! सोसायटीने घरगुती वापरासाठी दिलेले पाणी या रीतीने मोरीत जाऊ लागले, तर शेजाऱ्यांची तक्रार ही कुरकुर न राहता रास्त हरकत ठरते.

यावर काही विक्रेते केवळ रेझिनची टाकी जोडण्याचा सल्ला देतात. रेझिनचे बारीक मणी पाण्यातील क्षार धरून ठेवतात आणि पाणी जवळजवळ शून्यावर आणतात. पाणी वायाही जात नाही. परंतु त्यांची धारणशक्ती ठरावीक असते. 500 चे पाणी थेट रेझिनवर सोडले, तर 25 चे पाणी सोडल्याच्या तुलनेत ते वीसपट लवकर संपते. स्वस्त यंत्र आणि महाग वापर, असा हा सौदा आहे. म्हणून क्रम असा हवा : प्रथम गाळ व क्लोरीन काढणारे फिल्टर, कारण क्लोरीनने आरओचा पडदा खराब होतो, नंतर तासाला 250 लिटरचा व्यावसायिक आरओ, आणि शेवटी उरलेल्या थोड्या क्षारांपुरते रेझिन. पाणी बोअरचे व जड असेल, तर पडद्यावर थर बसू नये याची तजवीजही आरओच्या आधी करावी लागते. साठवण प्लास्टिकच्या टाकीत करावी आणि तीवर ‘पिण्यासाठी नाही’ असे ठळक लिहावे.

असा संच सुमारे निम्मे पाणी उपयोगात आणतो. 480 लिटरांमागे जवळपास तितकेच बाहेर पडते. मात्र त्यात क्षार दुपटीच्या आसपास असतात. ते झाडांना घालू नये. फरशी व स्वच्छतागृहासाठी वेगळ्या टाकीत घ्यावे. जागा म्हणून सदनिकेपेक्षा वडिलांच्या गोदामाचे आवार मला सोयीचे वाटते. तेथे स्वतःची बोअर आहे आणि निघालेले पाणी खर्ची पडेल इतकी धुलाईही आहे.

आता थोडे वहीविषयी. यंत्र धंद्याच्या नावाने, स्वतंत्र बिलावर घ्यावे. घसारा 15 टक्के दराने मिळतो आणि जीएसटी नोंदणी असल्यास भरलेल्या कराची वजावट घेता येते. परंतु त्याच यंत्राचे पाणी घरी नेऊ लागलो की हिशेब विटाळतो. मुद्रा योजनेत 50 हजारांपर्यंत शिशु आणि त्यापुढे 5 लाखांपर्यंत किशोर गट आहे. वडील रोख देण्यास तयार आहेत, पण ती रक्कम दुकानाच्या दिवाळी खरेदीची आहे. ती यंत्रात अडकली, तर एका धंद्याच्या सोयीसाठी दुसरा अडचणीत येईल. धाकट्या भावाचा हिस्साही त्याच दुकानात आहे, हे कोणी उघड बोलत नसले तरी सर्वांच्या मनात आहे. म्हणून लहान कर्ज मुलाच्याच नावे घ्यावे, असे मी सुचविले आहे.

कर्जाची मागणी लिहिताना बारा महिन्यांचे उत्पन्न सारखे दाखवू नये. पावसाळ्यात सौर पॅनेलचे काम घटते. तेव्हा हप्त्याची तरतूद मार्च ते मेच्या कमाईतून बाजूला काढावी लागेल. त्याच महिन्यांत संच बंद ठेवला, तर ओल्या पडद्यावर जंतू वाढून तो निकामी होतो. काम नसले तरी संच दर दोन-तीन दिवसांनी थोडा वेळ चालवावा, किंवा दीर्घकाळ बंद ठेवावयाचा असल्यास पुरवठादाराकडून संरक्षक द्रावण भरून घ्यावे आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात आताच धरावा.