चौकातला डॉल्फिन

आमच्या तालुक्याच्या गावी चौकात सिमेंटचा निळा डॉल्फिन बसवला आहे. खाली कारंज्याचे कोरडे टाके. भंडारा हा तलावांचा जिल्हा; समुद्राशी आमचा संबंध बाजारातल्या सुक्या बोंबलापुरता. तरी ‘जलसृष्टीपासून प्रेरणा’ म्हटले की हेच उभे राहते.

हे फक्त आमच्याकडेच घडत असते तर गप्प बसलो असतो. पण हैदराबादेत राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाची चार मजली इमारत २०१२पासून हुबेहूब माशासारखी उभी आहे. डोळा, पर, शेपूट, सगळे जागच्या जागी, आत कचेरी. फ्रँक गेरीने बार्सिलोनाच्या किनाऱ्यावर १९९२च्या ऑलिंपिकसाठी प्रचंड मासा उभारला, पण तो निदान शिल्प म्हणूनच उभा आहे, त्याच्या पोटात कारकून बसवलेले नाहीत. माशाचा आकार उचलायचा आणि मासा जगतो कसा याकडे ढुंकूनही पाहायचे नाही, याला मी कल्पनाशक्ती म्हणणार नाही.

खोल समुद्रात युप्लेक्टेला नावाचा स्पंज असतो. त्याचा सांगाडा म्हणजे काचेच्या तंतूंची चौकटीदार जाळी आणि तिच्यावर तिरप्या जोडरेषा. पूल आणि इमारतींत वापरतात त्या तिरप्या जाळीपेक्षा ही रचना तेवढ्याच सामानात वीस टक्क्यांहून अधिक मजबूत ठरते, हे हार्वर्डच्या संशोधकांनी २०२०मध्ये दाखवले. त्या सांगाड्याचे चित्र पाहिले आणि मला धिवरांच्या अंगणातला मासे धरायचा बांबूचा सापळा आठवला.

कामट्या वळवून विणलेला, तोंडाशी टोके आत वळवलेली. मासा सहज शिरतो, परतताना तीच टोके आडवी येतात. पाणी मात्र वाहत राहते आणि बारकी पिल्ले फटींतून निसटतात. टोके आत का, असे विचारल्यावर म्हातारे काका म्हणाले, “मासा मागं नाई फिरत ना जी, पुढंच घुसते.” एवढ्या एका निरीक्षणावर ती सगळी रचना उभी आहे. तिच्यात माशाचा आकार कुठेही नाही, माशाची चाल आहे.

‘ती हस्तकला, शिल्प नव्हे,’ असे मला एका शिकलेल्या माणसाने सुनावले. विणणारा धिवर नसता आणि सापळा पितळी असता, तर हेच गृहस्थ त्याला मांडणशिल्प म्हणाले असते.

डॉल्फिन काढा, एवढेच मी म्हणत नाही. त्या टाक्यात पुरुषभर उंचीचा सापळा विणून घ्या आणि विणणाऱ्याला मूर्तिकाराचा दर द्या. डॉल्फिनवर किती खर्च झाला, हे मी लेखी विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.