टोमॅटोवर किडा कोणता, हे औषध विकणाऱ्यानेच ठरवायचं का?

नारायणगाव, आळेफाटा, मंचर, घोडेगाव. कुठल्याही कृषी सेवा केंद्रासमोर सकाळी दहा मिनिटं उभे राहा. शेतकरी येतो, मोबाईलवर आकसलेल्या पानाचा अंधुक फोटो दाखवतो. काउंटरवरचा पोरगा ओझरतं बघतो आणि रॅकवरून तीन बाटल्या काढतो. एक किडीची, एक बुरशीची, एक टॉनिक. "तिन्ही एकत्र मारा, दोन दिवसांत फरक पडेल." बिल? ते खात्यावर मांडलं जातं. कायद्याने प्रत्येक कीटकनाशकाचं बिल द्यावंच लागतं, पण मागतो कोण?

माझा सवाल साधा आहे. त्या पानावर किडा कोणता होता, आणि तो बघितला कोणी?

माणूस आजारी पडला तर तपासणारा डॉक्टर वेगळा आणि मेडिकलवाला वेगळा. आपल्या टोमॅटोला मात्र जो तपासतो तोच विकतो, आणि जास्त बाटल्या गेल्या की त्याचंच भलं होतं. सगळे दुकानदार चोर आहेत असं मी म्हणत नाही. काही जण खरंच प्लॉटवर येऊन पान उलटं करून बघतात. पण व्यवस्थाच अशी असेल तर चांगला माणूस तरी किती दिवस टिकणार?

२०२० चा उन्हाळा आठवा. लॉकडाऊन, आणि त्यातच फळांवर पिवळे-हिरवे पट्टे. आपणच त्याला 'तिरंगा' नाव दिलं. जुन्नर, आंबेगावपासून संगमनेर-अकोल्यापर्यंत प्लॉट उपटले गेले. टीव्हीवाल्यांनी तर हा व्हायरस माणसालाही धोकादायक असल्यासारख्या बातम्या चालवल्या. माझ्याच धंद्यातल्या लोकांनी केलेलं ते पाप आहे, झाकून ठेवणार नाही. झाडाचा व्हायरस माणसाला होत नाही. शेवटी नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले, तेव्हा कळलं की मुख्य दोषी 'कुकुंबर मोझॅक व्हायरस', आणि त्याच्यासोबत आणखीही व्हायरस होते.

आता हे नीट वाचा, कारण पैसे इथंच जातात. व्हायरसवर कुठलंही औषध नाही. फवारणी होते ती व्हायरस वाहून आणणाऱ्या किड्यावर. कुकुंबर मोझॅक मावा आणतो. पानं आकसवणारा लीफ कर्ल पांढरी माशी आणते. शेंडा करपवणारा टॉस्पो फुलकिडे आणतात. तिघांची तऱ्हा वेगळी. मावा रोगट झाडावर सोंड खुपसतो, काही सेकंदांत व्हायरस उचलतो आणि शेजारच्या झाडाला लगेच देतो. तुमचं महागडं औषध त्याला मारेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं! त्यासाठी रोपवाटिकेला बारीक जाळी हवी, प्लॉटच्या कडेने मक्याच्या दोन-तीन दाट ओळी हव्यात. मावा आधी मक्यावर उतरतो, तिथं सोंड खुपसतो आणि सोंडेवरचा व्हायरस तिथंच पुसला जातो. मक्याच्या बियाण्याला असा किती खर्च येतो? पण ते सांगून कुणाला कमिशन मिळत नाही ना राव.

लाल कोळ्याचंही तसंच. त्याला आठ पाय, तो कीटकच नाही. साध्या कीटकनाशकाने तो मरत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी वाढतो. मग शेतकरी म्हणतो औषध बोगस. औषध बोगस नसेलही, निदान बोगस होतं. टुटा अळी २०१४ मध्ये देशात पहिल्यांदा नोंदली गेली तीच आपल्या पुणे भागात. तरी अजून साधी नागअळी समजून तिच्यावर फवारे चालतात. नागअळीची रेघ पानावर नागमोडी, बारीक असते. टुटा पानात पसरट चट्टा पाडते आणि फळालाही टाचणीएवढं भोक करते. एवढा फरक डोळ्याने कळतो.

आणि हे विष जातं कुठं? पंपवाल्याच्या नाकात, आणि फवारणीच्या दुसऱ्या दिवशी तोडणीला येणाऱ्या बायांच्या हातावर. २०१७ मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारताना २० हून अधिक माणसं मेली, तेव्हा आपण हळहळलो. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, हे लेबलवर छापलेलं असतं. बाजारभाव चढला की ते लेबल कोण वाचतो? युरोपला जाणाऱ्या आपल्या द्राक्षांचा अंश तपासल्याशिवाय कंटेनर हलत नाही. मुंबई-पुण्याला जाणाऱ्या टोमॅटोच्या क्रेटला कोणी काही विचारत नाही.

बिबट्या दिसला की जुन्नर तालुक्यात गावोगाव फलक लागतात, लागायलाच हवेत. माव्याचा, फुलकिड्याचा मोठा फोटो असलेला एक फलक मला आजवर बाजार समितीच्या आवारात दिसलेला नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. नारायणगावला टोमॅटोचा एवढा मोठा बाजार भरतो आणि कृषी विज्ञान केंद्रही त्याच गावात आहे. हंगामात आठवड्यातून एक दिवस बाजाराच्या आवारात एक टेबल, एक चांगलं भिंग आणि किडी ओळखणारा एक माणूस बसवा. मंचरलाही तसंच. त्याने फक्त किडा ओळखून चिठ्ठी द्यायची, विकायचं काहीच नाही. बाजार समित्या सेस घेतात, एवढा खर्च त्यांना जड नाही. आणि कृषी विभागाने गावनिहाय कीड पाहणी दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. २००८ ला सोयाबीनवर अळी आली तेव्हा राज्याने क्रॉपसॅप सुरू केलंच ना? म्हणजे मनात आलं तर जमतं.

तोवर आपण काय करायचं? पान उलटं करा. फूल पांढऱ्या कागदावर झटका, फुलकिडे पळताना दिसतील. माव्याला आणि पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे, फुलकिड्यांना निळे, टुटाला कामगंध सापळा. आणि दुकानात गेलात की बाटली घेण्याआधी विचारा, "किडा कोणता ते आधी सांगा." औषध घेतलंच तर बिल घ्या.

मागणीचं पत्र मी दोन्ही बाजार समित्यांना देतोय. सही करायची असेल त्यांनी खाली फक्त गावाचं नाव आणि सध्या प्लॉटवर काय दिसतंय ते लिहा. फोटो टाकलात तर पानाच्या मागच्या बाजूचा टाका.