धीर देणारी शाळा हवी
१९९७ साली आलेल्या हॅरी पॉटरच्या गोष्टीत जिन्याखाली झोपणारा पोरका मुलगा निवासी शाळेत जाऊन धीट होतो. मी जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर काम करते. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर गेले की इथल्या कितीतरी मुलींना आश्रमशाळेचाच आधार. पण नुसत्या जेवणाने धीर येत नाही. वर्गात त्यांच्या वारली बोलीला कुणी हसू नये, रात्री अधीक्षिका हजर असावी, तक्रार करणारीलाच घरी धाडू नये. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांना दिल्या. पण आया भट्टीवर असताना बैठक घेऊन काय उपयोग? मैत्रिणींनो, महत्त्वाच्या बैठका आया गावात असतानाच व्हाव्यात आणि तिथे मुलींचं म्हणणं आधी ऐकलं जावं, हा आग्रह आपण धरू या.